डावा तळहात

गुरुबसप्पांचं जेवण कमी झालंय हे घरात सगळ्यात आधी कळलं ते त्यांच्या सुनेला, ज्ञानेश्वरीला. ताट वाढणारीला न कळून कसं चालेल? आधी भाकरीचा काठ ताटात राहायला लागला, मग अर्धी भाकरी, मग भाकरीच नको झाली. दुधात कुस्करून दे, वरणात भिजवून दे, असं करत करत म्हातारा आंबील आणि मऊ भातावर आला. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागायचा, आणि घोट घेतला की छाती पुढं काढून, मान उंच करून थोडा वेळ गप्प बसावं लागायचं. रात्री खोकल्याची उबळ यायची. सकाळी उशीची खोळ ओली असायची आणि तिच्यावर आदल्या दिवशीच्या भाताची शितं असायची. ती खोळ ज्ञानेश्वरी कुणाला न दाखवता धुऊन वाळत घालायची.

कुणी विचारलं की अप्पांचं उत्तर ठरलेलं. "वात हाय. वयाला असतंयच."

अप्पा वात म्हणत होते, पण देवणीजवळच्या त्या घरातल्या चौघांच्याही मनात एकच नाव होतं आणि ते कुणी तोंडावर आणत नव्हतं. माणिकप्पा. अप्पांचे थोरले भाऊ. तीन वर्षांमागं त्यांचंही असंच झालं होतं. घास उतरेना, मग पाणी उतरेना. तेव्हा अप्पांनीच त्यांना शहरात तपासायला नेलं होतं. तिथं फोटो काढायच्या आधी सांगितलं गेलं, गळ्यातलं काढा. आता लिंगायताच्या गळ्यातलं लिंग म्हणजे काही दागिना नव्हे. अंड्याएवढ्या चांदीच्या डबीत ते छातीवर असतं, दीक्षा झाली त्या दिवसापासून. आंघोळीला उतरवत नाहीत, निजताना उतरवत नाहीत. माणिकप्पा म्हणाले, "मातीत जाताना बी ते संगं असतंय. तुमच्या फोटोसाठी उतरवू व्हय?" आणि दोघं भाऊ ताठ मानेनं एसटीत बसून घरी आले. पुढच्या सणापर्यंत माणिकप्पा वाळून काडी झाले आणि गेले. गाठच असणार, असं म्हणून गाव मोकळं झालं. त्या ताठ मानेची गोष्ट मात्र घरात कौतुकानं सांगितली जायची, आणि सांगायचे ते अप्पाच.

म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी "लातूरला जा, अन्ननलिकेचा फोटो काढा, लागलं तर दुर्बिणीनं बघा" असं सांगितलं, तेव्हा ज्ञानेश्वरीला वाटलं, म्हातारा आता घर डोक्यावर घेणार. तर अप्पा म्हणाले, "कवा जायचं?"

इतक्या झटक्यात ते हो म्हणाले, याचीच तिला जास्त भीती वाटली.

सोयाबीनची रास चालू होती. मळणीयंत्राची पाळी चुकली असती तर पुन्हा कधी लागली असती देव जाणे, म्हणून मुलगा दयानंद शेतावर राहिला आणि अप्पांना घेऊन ज्ञानेश्वरी आणि सासूबाई कावेरीबाई निघाल्या. कावेरीबाईंना सगळे अव्वा म्हणायचे. रात्रीपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही असं बजावलेलं. पहाटे अप्पांनी रोजच्यासारखी पूजा केली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली, पाणी घातलं. त्यानंतरचं तीर्थ घ्यायचं की नाही यावर ते बराच वेळ अडून बसले, आणि शेवटी डोळ्यांना लावून उठले. देव एवढं चालवून घेईल, अशी त्यांची समजूत अव्वानं घातली.

लातूरच्या त्या फोटो काढायच्या सेंटरात पुनम नावाची मुलगी यंत्र चालवायची. बोलायला गोड, कामाला चटपटीत. तिनं अप्पांच्या हातात हिरवा झगा दिला. "आजोबा, अंगावरचं सगळं काढून ठेवा. चेन, करदोडा, धातूचं काही राहू देऊ नका."

अप्पांनी शाळेतल्या पोरासारखी मान डोलावली. पडद्यामागं गेले, झगा घालून आले. सदरा, धोतर सुनेच्या हाती दिलं. बाकी काही दिलं नाही. एक हात झग्यावरून छातीशी धरलेला होता. ज्ञानेश्वरीनं ते पाहिलं आणि ती मूग गिळून बसली. सासऱ्याला छातीशी काय धरलंय म्हणून विचारणारी सून त्या गावात अजून जन्मायची होती.

अव्वा बाहेर बाकड्यावर बसली. ज्ञानेश्वरीला पुनमनं काचेमागं उभं राहू दिलं. आत अप्पांना यंत्राला पाठ लावून उभं केलं आणि हातात पेला दिला. खडू कालवल्यासारखं पांढरं, दाट औषध.

"चुना पाजायलीस का गं मला?" अप्पांचा आवाज आला.

"चुना नाही हो आजोबा, बेरियम आहे. ते पोटात उतरताना इथं दिसतं. मी सांगते तेव्हा एक घोट घ्या."

पडद्यावर आधी नुसत्या वरच्या बरगड्या दिसत होत्या. मग वरून एक पांढरी धार आली आणि तिच्यामागोमाग चित्रही खाली सरकलं. धार निम्म्या छातीपर्यंत नीट आली, तिथून पसरट झाली आणि साचून राहिली. दुसरा घोट आला, तोही त्याच्यावर साचला. आणि जिथं ते सगळं थांबलं होतं, बरोबर तिथंच, एक पांढरंफेक अंडं होतं. गुळगुळीत, पुऱ्या आकाराचं.

"थांबा," असं म्हणून पुनम धावत गेली आणि फोटो बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"आजोबा, तुम्ही काही गिळलंय का? मोठं, धातूचं काही? आठवून सांगा बरं."

"म्या कशाला गिळू? घास गिळंना, म्हणून तर आलोय की!"

दार अर्धं उघडं होतं. बाहेर अव्वाच्या कानावर तेवढंच पडलं आणि तिनं हाय खाल्ली. "अगं बया! परवापासनं चुन्याची डबी सापडंना झालीया. ती तर न्हाई ना गिळली ह्यांनी?"

बाई हसल्या नाहीत, पण पुनमला हसू आवरेना. "आजोबा, जरा कुशीवर वळून उभे राहा." अप्पा वळले, आणि पडद्यावरचं ते अंडं सरळ छातीतून निघून अंगाबाहेर आलं आणि झग्याच्या आत लोंबत राहिलं.

सगळ्यांना एकदमच कळलं. ज्ञानेश्वरीला तर आधीच कळलं होतं. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. जगाला ताठ मानेची गोष्ट सांगणारा हा माणूस चोरासारखा देव लपवून आत आला होता, कारण त्याला देवही सोडायचा नव्हता आणि जीवही. त्याला जगायचं होतं. इतके दिवस वात वात म्हणत त्यानं तेवढंच लपवलं होतं.

"आजोबा, ते नेमकं दुखण्याच्या जागेवर येतंय," पुनम म्हणाली. "खालचं काही दिसत नाही. पाच मिनिटं उतरवून यांच्याकडे द्या."

"ते कुणाच्या हाती द्यायचं नसतंय."

"मग टेबलावर ठेवू या."

"अंगावरनं उतरवायचंच नसतंय, बाई." अप्पा झग्याची नाडी सोडायला लागले. "जिथं दुखणं तिथंच देव बसलाय म्हणता ना? मग झालं तर. आणखी काय बघायचंय? ज्ञाने, सदरा आण माझा."

ज्ञानेश्वरी सदरा घेऊन आत गेली खरी. पण तिनं तो दिला नाही. लग्नाला आठ वर्षं झाली होती. डोक्यावरचा पदर सावरून, जमिनीकडं बघत, "अप्पा, जेवायला वाढलंय" याच्यापलीकडं ती सासऱ्याशी फारसं कधी बोलली नव्हती. आता मान वर करून ती बोलली.

"अप्पा, पूजेला ते डाव्या तळहातावरच असतंय की. तसंच धरा. अंगावरच राहील. हात तेवढा बाजूला घ्या, म्हंजी छाती मोकळी होईल." आणि पुनमकडं वळून तिनं विचारलं, "चालंल ना?"

"पळेल," पुनम म्हणाली. "हात लांब ठेवला की झालं."

अडचण सुटली असं दोघींना वाटलं. पण दारात येऊन उभ्या राहिलेल्या अव्वाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "नको गं," ती म्हणाली. "हातावर घेऊन, फळीला पाठ लावून... नको."

तेव्हा ज्ञानेश्वरीच्या ध्यानात आलं. लिंगायताचं माणूस गेलं की त्याला जाळत नाहीत. मांडी घालून, पाठीला आधार देऊन मातीत बसवतात, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. बोलायच्या भरात सुचलं नव्हतं एवढंच.

"माणिकप्पाच्या हातावर म्याच ठेवलं हुतं," अप्पा सावकाश म्हणाले. "बोटं मिटत नव्हती त्याची. म्याच मिटवली."

ज्ञानेश्वरीनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. बैलाच्या शिंगाला न भिणारा, पुराच्या पाण्यात उतरणारा हा माणूस घाबरलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"मोठ्या अप्पांचा हात दुसऱ्यानं मिटवला," ती म्हणाली. "तुमचा तुम्ही मिटायचा. रोज सकाळी मिटताच की."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग दोरा गळ्यातून काढला, डबी डाव्या तळहातावर ठेवली, दोरा मनगटाला गुंडाळला आणि बोटं मिटून हात बाजूला लांब केला. "दे गं तुजा चुना," ते पुनमला म्हणाले.

या वेळी फोटो स्वच्छ आला. अन्ननलिका वर फुगून पिशवीसारखी झालेली होती, आणि खाली, पोटाच्या तोंडाशी, चिमणीच्या चोचीएवढं बारीक टोक. त्यातून औषध थेंब थेंब खाली जात होतं.

"दोन गोष्टी असू शकतात," डॉक्टरीणबाईंनी ज्ञानेश्वरीला बाजूला घेऊन सांगितलं. "तिथला स्नायू आवळून बसला असेल, किंवा त्याच्या खाली गाठ असेल. बाहेरून तेवढंच कळतं. दुर्बीण आत घालून बघावंच लागेल." दोन दिवस नुसतं पातळ घ्यायचं, म्हणजे साचलेलं खाली जाईल, आणि तिसऱ्या दिवशी पोटाच्या डॉक्टरांकडं यायचं असं ठरलं.

ते दोन दिवस घर कसंबसं चाललं. दयानंद म्हणाला, मी येतो. अप्पा म्हणाले, रास उघड्यावर टाकून येऊ नको. संध्याकाळी ते एकटेच शेतात, माणिकप्पांच्या समाधीपाशी जाऊन बसले. ज्ञानेश्वरी निवळ ताक घेऊन गेली तेव्हा ते समाधीवरचं गवत उपटत होते. तिच्याकडं न बघता म्हणाले, "गाठ निघाली तर मला लातूरला ठिऊ नका. हितं शेजारीच जागा हाय." तिनं ताकाचा तांब्या खाली ठेवला आणि मागं वळून न बघता बांधापर्यंत चालत आली. मग बांधावर बसून मनसोक्त रडली.

तिसऱ्या दिवशी ते वैजनाथ डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टर उदगीरकडचे होते, चाळिशीचे. त्यांनी अप्पांच्या कपाळावरची विभूती पाहिली, मिटलेला डावा हात पाहिला आणि त्याबद्दल काही विचारलं नाही.

"अप्पा, झोपेचं इंजेक्शन देतात काही जणांना. तुमच्या नळीत अजून पाणी साचलेलं असणार, झोपेत ते श्वासात गेलं तर वाईट. म्हणून तुम्हाला जागं ठेवूनच करतो. घशात बधिर करायचा फवारा मारीन. ओकारी येईल, जीव घाबरेल, पण दुखणार नाही. चालेल?"

"जागंच ऱ्हातो म्या," अप्पा म्हणाले. "निजलो तर हात उघडंल."

"हाताचंच सांगायचं होतं. ओकारी आली की माणूस हातानं नळी ओढायला बघतो. कुणीतरी तुमचा हात धरून ठेवायला पाहिजे. सिस्टर धरतील."

अप्पांनी मान हलवली. परक्याचा हात नको होता. सगळ्यांनी अव्वाकडं पाहिलं. बायकोचाच मान तो. पण कावेरीबाई दोन पावलं मागं सरकली. "माझ्याच्यानं न्हाई होणार. म्या धरला अन् तो सैल पडला, तर मग म्या काय करू?"

मग उरली कोण? ज्ञानेश्वरीनं सासऱ्याला आजवर शिवलं होतं ते पायांना, सणासुदीला, बोटांच्या टोकांनी. तिनं पदर घट्ट खोचला. अप्पांनी तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "चल, पोरी."

आत त्यांना डाव्या कुशीवर निजवलं. दातांत प्लास्टिकचं कडं बसवलं. डावा हात पुढं काढून ठेवला, मूठ मिटलेली. ज्ञानेश्वरीनं स्टुलावर बसून ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. खरबरीत, थंडगार मूठ होती. आपण सासऱ्याचा हात धरलाय याचं पहिले काही क्षण तिला फार अवघड वाटलं, आणि दुर्बिणीची काळी नळी त्यांच्या तोंडात शिरली तेव्हा ते सगळं कुठल्या कुठं गेलं.

अप्पांचं अख्खं अंग उचललं गेलं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. घशातून असा आवाज आला की बाहेर अव्वानं कानांवर हात ठेवले. "श्वास घ्या, नाकानं, हळू," डॉक्टर म्हणत होते. मुठीत नुसता थरकाप होता. एकदा बोटं सुटायला आली. ज्ञानेश्वरीनं जोर लावून ती पुन्हा मिटवली, वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, "म्या धरलंय, अप्पा. म्या धरलंय," आणि बोटं परत आपल्या जोरावर मिटली.

पडद्यावर गुलाबी बोगदा दिसत होता, ओलसर आणि भलताच रुंद. तळाशी पांढुरकं पाणी आणि चार शितं. डॉक्टरांनी ते सगळं ओढून घेतलं. खाली बोगद्याचं तोंड नाडी ओढलेल्या पिशवीसारखं गच्च मिटलेलं होतं. दुर्बीण तिथं जाऊन टेकली. ज्ञानेश्वरीला आता ना अप्पांचा आवाज ऐकू येत होता ना स्वतःचा श्वास. तिला फक्त ते मिटलेलं तोंड दिसत होतं.

डॉक्टरांनी हलकेच दाब दिला. तोंड जरा अडलं आणि मग अलगद सरकून त्यानं वाट दिली.

"गेली," डॉक्टर म्हणाले. आत पोट होतं, लाल, वळ्यावळ्यांचं. त्यांनी दुर्बिणीचं टोक आतच वळवून ते तोंड खालून पाहिलं, चारी बाजूंनी, सावकाश. "स्वच्छ आहे. गाठ असती तर तिनं दुर्बिणीला एवढ्या सहज जाऊ दिलं नसतं. गाठ नाही, अप्पा."

ज्ञानेश्वरीचा जीव भांड्यात पडला. नळी बाहेर आली, कडं निघालं, सिस्टरनं तोंड पुसलं, तरी तिनं मूठ सोडली नव्हती. अप्पा उठून बसले तेव्हा तिला भान आलं आणि तिनं लाजून हात काढून घेतले. अप्पांनी मूठ उघडली. डबीचा लालभडक ठसा तळहातावर उमटला होता. त्यांनी दोरा गळ्यात घातला.

"घास आला की तिथली झडप उघडायला पाहिजे, तुमची ती उघडायचं विसरलीय," डॉक्टर हातमोजे काढत सांगत होते. "आणखी एक तपासणी करू. मग फुगा घालून ती ताणता येते. हळूहळू भाकरी खायला लागाल. हे दुखणं माणसाला मारत नाही, वेळेत बघितलं तर. नाही बघितलं तर मात्र उपासमारीनं वाळत जातो माणूस."

अप्पा ऐकत होते. बधिर झालेल्या जिभेनं त्यांना नीट बोलता येत नव्हतं.

"डाक्टर, माजा थोरला भाऊ. त्याला बी असंच व्हायचं. घास अडकायचा, रात्री उलटून यायचा. त्याचं बी... हेच असंल का?"

"त्यांची तपासणी झाली होती?"

"न्हाई. दारातनं परत आणला म्या."

वैजनाथ डॉक्टरांनी हातमोजे टोपलीत टाकले. खोटं सांगणं त्यांना सोपं होतं. "मग नाही सांगता येणार, अप्पा," ते म्हणाले. "गाठ असेल. हेही असेल."

बाहेर येताच ज्ञानेश्वरीनं अव्वाला सांगितलं आणि अव्वानं दोन्ही हात कपाळाला लावले. दयानंदला फोन गेला. मळणीयंत्राच्या आवाजात तो तीन वेळा "काय म्हणालीस?" असं ओरडला. अप्पा बाकड्यावर बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

"बघ गं, आनंदानं रडायलेत," अव्वा डोळे पुसत म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

ज्ञानेश्वरी त्यांच्या शेजारी बसली. दवाखान्यात देवणीकडची माणसं असतील, बघतील, हा विचार तिच्या मनात आलाच नाही.

"माणिकप्पाला शेवटी पाणी बी जाईना झालतं, ज्ञाने," अप्पा म्हणाले. "माज्याकडं बघायचा. अन् म्या त्याला म्हणायचो, शाबास. लिंग उतरवलं न्हाईस, शाबास तुजी."

ज्ञानेश्वरीनं त्यांचा हात पुन्हा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अव्वा पाणी घेऊन येईपर्यंत तशीच बसून राहिली.